आधी जोते, मग माडी

‘तू कला शाखेचा विद्यार्थी. प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांच्याशी तुझे काय देणेघेणे?’ या लेखाचा विषय सांगितला तेव्हा संपादक मंडळातील एका मित्राने मला असा प्रश्न केला. प्रश्न रास्तच होता. पण मित्रहो, काही विषय माणूस आवडीने शिकतो आणि काही पैसे घालवून शिकतो. हा विषय मी दुसऱ्या प्रकाराने शिकलो. आणि घालवलेले पैसे माझे नव्हते, आईचे होते.

२०२३ च्या दिवाळीत आईची भिशी लागली. पंचवीस हजार रुपये. ते तिने स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी मनात धरले होते. मी तिला म्हणालो, ‘अभ्यासाला कॉम्प्युटर हवा.’ खरे तर मला गेम खेळायचे होते. ओटा राहिला आणि आम्ही दोघे जिल्ह्याच्या गावी एका दुकानात जाऊन उभे राहिलो. दुकानदाराने विचारले, ‘कशासाठी हवाय?’ आई शेजारीच होती. मी म्हणालो, ‘अभ्यासासाठी.’ त्याने पुढे काही विचारले नाही. टेबलावरच्या एका पेटीवर थाप मारून तो म्हणाला, ‘आय-सेव्हन आहे. डोळे झाकून घेऊन जा.’

आम्ही खरोखरच डोळे झाकले. तो आय-सेव्हन होता यात खोटे काही नव्हते. मात्र तो तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ साली बाजारात आलेला होता. तो बसवला होता एका नव्याकोऱ्या दिसणाऱ्या पण ओळखीच्या कोणत्याही कंपनीचे नाव नसलेल्या मदरबोर्डवर. हमी तीन महिन्यांची. नवव्या महिन्यात बोर्ड गेला. दुकानदार म्हणाला, ‘याला आता नवा बोर्ड कुठला? दुसरा सेटच घ्या.’ नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवली होती. तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

त्यानंतर मी जे वाचले, विचारले आणि पाहिले त्यातून माझे एक मत बनले आहे. स्वस्तातला गेमिंग कॉम्प्युटर घेणाऱ्याने प्रोसेसर आधी निवडू नये; मदरबोर्ड, आणि त्यातही त्याचे सॉकेट, आधी निवडावे. घर बांधताना आपण जोते आधी पाहतो. त्यावर उद्या माडी चढेल की नाही हे जोत्यावरून ठरते, खिडकीच्या रंगावरून नव्हे.

प्रथम नावांचा मोह. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही परीक्षेतल्या श्रेणीसारखी चढती भांजणी आहे असे आपण समजतो. ती चढती आहे, पण एकाच पिढीपुरती. माझ्या आय-सेव्हन ३७७० मध्ये चार कोअर व आठ थ्रेड होते. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या आय-थ्री १२१००एफ मध्येही चार कोअर व आठ थ्रेडच आहेत. तरी हा धाकटा त्या थोरल्याला गेममध्ये सहज मागे टाकतो, कारण दहा वर्षांत प्रत्येक कोअरची काम उरकण्याची चपळाई फार वाढली. तेव्हा नावापुढचा आकडा वाचावा. ३७७० मधला ३ म्हणजे तिसरी पिढी, १२१०० मधले १२ म्हणजे बारावी. शिवाय विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारते आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. माझा सोनुबाई बोर्ड जगला असता तरी त्याचे दिवस भरलेच होते.

आता सॉकेट. प्रोसेसर मदरबोर्डवर ज्या बैठकीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. एका बैठकीचा प्रोसेसर दुसरीत बसत नाही. एएमडीचे एएम-४ हे सॉकेट २०१६ मध्ये आले व २०१७ मध्ये त्यावर रायझन आला. त्या वर्षी ज्यांनी त्याचे बोर्ड घेतले, त्यांपैकी अनेकांना २०२२ मध्ये आलेला रायझन ७ ५८००एक्स३डी त्याच बोर्डावर, नुसते बायोस अद्ययावत करून, बसवता आला. इंटेलचा याच काळातला हिशेब वेगळा. २०१७ अखेर आलेली आठवी पिढी दिसायला त्याच ११५१ च्या बैठकीत बसणारी, पण जुन्या बोर्डांवर ती चालेना. मग २०२० मध्ये १२००, २०२१ मध्ये १७०० आणि २०२४ मध्ये १८५१ अशी बैठक बदलत गेली. इंटेलचे प्रोसेसर वाईट आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही; आय-थ्रीचे कौतुक मी वरच केले आहे. पण ज्याला दोन हप्त्यांत घर बांधायचे आहे, त्याने जोते किती वर्षे चालेल हे विचारलेच पाहिजे.

२०२४ च्या दिवाळीत मी पुन्हा कॉम्प्युटर घेतला, तो मामाकडे डोंबिवलीला उतरून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर. या वेळी मी बी५५० चिपसेटचा एएम-४ बोर्ड घेतला आणि त्यावर रायझन ५ ५६००जी. यात सहा कोअर आहेत, आणि चित्र काढणारा भाग प्रोसेसरमध्येच असल्याने वेगळ्या ग्राफिक कार्डाशिवाय काम भागते. हा भाग मुख्य मेमरीच उसनी घेतो, म्हणून १६ जीबीची एक पट्टी न घेता ८ जीबीच्या दोन घेतल्या. दोन वाटांनी माल आला की ओढाताण कमी होते. सगळे मिळून बत्तीस हजार झाले. जुने गेम आणि हलके गेम व्यवस्थित चालले. पुढे २०२५ च्या उन्हाळ्यात शिकवण्या घेऊन पैसे जमवले आणि कार्ड बसवले. माडी चढली.

माझ्या मताला विरोध आहे, आणि तो वर्गातूनच आहे. माझ्या एका मित्राने त्याच सुमारास आय-थ्री १२१००एफ, एच६१० चा स्वस्त बोर्ड आणि लगेच ग्राफिक कार्ड घेतले. माझ्याहून पंधरा हजार जास्त गेले, पण पहिल्याच दिवशी त्याच्याकडचे चित्र माझ्याहून कितीतरी सरस होते. तो म्हणतो, ‘गेममध्ये चित्र काढते ते कार्ड. बोर्डावर पैसे घालून काय करायचे?’ एकरकमी पैसे असणाऱ्यासाठी हे बरोबर आहे हे मी मान्य करतो. पण त्याच्या प्रोसेसरच्या नावातला ‘एफ’ म्हणजे आत चित्राची सोय नाही. कार्ड बिघडले की पडदा काळा. एच६१० वर मेमरीच्या जागा दोनच. चौदाव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर त्या बैठकीत बसतात खरे, पण १२ व्होल्टची वीज उतरवून प्रोसेसरला देणारा बोर्डावरचा भाग स्वस्त बोर्डांत बहुधा बेताचा असतो. दांडगा प्रोसेसर बसवला तर तो तापतो आणि प्रोसेसरचा वेग मंदावतो.

माझ्या बाजूचा दोषही सांगतो. एएम-४ चा रस्ता आता संपला आहे. त्यावर नवी पिढी येणार नाही. २०२२ पासून एएमडीने एएम-५ धरले आहे आणि ते फक्त डीडीआर-५ मेमरी घेते. मला ते परवडले नाही. ज्याला परवडेल त्याने एएम-५ चा साधा बोर्ड व लहान प्रोसेसर घ्यावा. ज्याला परवडणार नाही त्याने एएम-४ घ्यावे, पण ही शेवटची गाडी आहे हे जाणून घ्यावे. रंगीत दिव्यांच्या महागड्या बोर्डाच्या नादी मात्र दोघांनीही लागू नये. ६५ वॅटच्या प्रोसेसरला मध्यम बोर्ड पुरतो. दुकानात एवढेच विचारावे: पुढे यावर कोणता प्रोसेसर बसेल? बायोस आज घेतलेल्या प्रोसेसरला ओळखते का? हमी किती वर्षांची आणि कोणाची?

शेवटी एक गोष्ट, जी माझ्या मते या सगळ्याहून महत्त्वाची आहे. पहिल्या वेळी मी फसलो तो दुकानदारामुळे निम्माच. उरलेला निम्मा ‘अभ्यासासाठी’ या एका शब्दामुळे. खेळायचे आहे हे आईसमोर कबूल करण्याची लाज वाटली म्हणून गेमविषयीचा एकही प्रश्न मला दुकानात विचारता आला नाही. खेळण्यात लाजण्यासारखे काय आहे? आमचे प्राध्यापक क्रिकेटचे सामने पाहतातच की! जे हवे आहे त्याचे नाव घ्यावे, म्हणजे ते पारखून घेता येते.

दुसऱ्या खेपेस मी आईला खरे सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, ‘खेळ, पण हा टिकेल ना रे?’ त्या प्रश्नाचे उत्तर मात्र या वेळी माझ्याजवळ होते. ओट्याचे पैसे अजून फिटायचे आहेत. शिकवण्या चालू आहेत.

— तृतीय वर्ष, कला