गळ परदेशी, पावती कुठंय?

नाशिकमध्ये गळाने मासे धरायचा नाद लागलेल्या आमच्या वयाच्या पोरांचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत. मी दोन-तीन ग्रुपवर आहे. तिथे रोज कुणीतरी नव्या रीलचा खोका उघडतो, कुणी इंग्लंडच्या यूट्यूबरचं बघून रिग बांधतो, कुणी विचारतो की थायलंडचा प्लॅन कधी करायचा. मात्र गंगापूर धरणावर गळ टाकायला परवानगी कुणाची घ्यायची, हा प्रश्न मी तिथे एकदाही वाचलेला नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. आपण कार्प फिशिंगचं सामान आयात केलं, नियम तिकडेच ठेवले. आणि सामान हा या खेळातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे.

आधी सामानाबद्दलच बोलू, कारण सगळ्यांना त्यातच रस आहे. सध्या हेअर रिगची फार हवा आहे. त्यात आमिष गळात ओवत नाहीत. गळाच्या मागे केसासारखा बारीक धागा सोडून आमिष त्याला अडकवतात. इंग्लंडमध्ये लेनी मिडलटन आणि केविन मॅडॉक्स यांनी ही युक्ती काढली. ती कॉमन कार्पच्या सवयीवर बेतलेली आहे. हा मासा तळ हुंगत फिरतो, खाणं तोंडात ओढतो आणि संशय आला की फुंकून बाहेर टाकतो. गळ मोकळा असल्यामुळे फुंकताना तो ओठात रुततो. म्हणजे मासा तळाशी चरणारा आणि ओढून-फुंकून खाणारा असेल तरच हे गणित जमतं.

आता आपला कटला घ्या. त्याचं तोंड वर वळलेलं, मिशा नाहीत, आणि तो पाण्याच्या वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो. मत्स्यशेतीचा पहिला धडाच हा आहे: वर कटला, मध्ये रोहू, तळाला मृगळ. कटल्यासाठी तळाशी कडक बॉयली ठेवून बाइट अलार्म वाजायची वाट बघत बसणं म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरसाठी लिहिलेला कोड आपल्या मशिनवर पेस्ट करून 'चालत का नाही' म्हणून ओरडणं. सायप्रिनस किंवा मृगळ हवा असेल तर हेअर रिग जरूर बांधा. कटल्यासाठी मात्र पाण्यात अधांतरी राहून हळूहळू विरघळणारा पिठाचा मऊ गोळा बरा. त्याला आयात शुल्क लागत नाही.

ज्यांच्या नावाने हे सामान खपतं, त्यांचा इतिहासही वाचण्यासारखा आहे. रिचर्ड वॉकर हा व्यवसायाने इंजिनिअर. १३ सप्टेंबर १९५२ रोजी त्याने रेडमायर नावाच्या छोट्या तळ्यात ४४ पौंडांचा, म्हणजे जवळपास २० किलोचा कार्प धरला आणि ब्रिटनचा विक्रम केला. आमिष होतं पाव. रॉड त्याने स्वतः डिझाइन केलेला, बांबूच्या चिरफळ्या जोडून बनवलेला. पण सगळ्यात महत्त्वाचा तपशील वेगळाच आहे. त्या तळ्यात १९३४ मध्ये कार्प आणून सोडले होते. कुणीतरी पैसे खर्चून मासे सोडले, तळं राखलं, अठरा वर्षं गेली, तेव्हा कुठे विक्रम झाला. रॉड हा त्या गोष्टीचा शेवटचा पाच मिनिटांचा भाग.

आपल्याकडे हे काम कोण करतं? धरणांतली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो आणि ती प्रामुख्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असते. कटला, रोहू, मृगळ पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या पाण्यात घालत नाहीत. ही अडचण सोडवली हिरालाल चौधुरी यांनी. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुलला त्यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन घडवून आणलं. आजही १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो. त्या तंत्रातून मत्स्यबीज तयार होतं, त्याची बोटुकली होते, आणि संस्था ती विकत घेऊन धरणात सोडते. त्यामुळे तुमच्या फोटोतला कटला 'निसर्गाची देणगी' असण्यापेक्षा कुणाच्या तरी वर्गणीचा असण्याची शक्यता जास्त आहे.

आणि हेच लोक आपल्या ग्रुपवर खलनायक असतात. 'हे जाळंवाले सगळा मासा संपवतात.' ट्यूबवर बसून पहाटे जाळं उचलणाऱ्या माणसाला पन्नास हजारांचा संच घेऊन कारमधून उतरलेला माणूस निसर्गप्रेम शिकवतो! बारीक आसाचं जाळं वाईटच, ते बंद व्हायलाच हवं. पण ती तक्रार करण्याचा हक्क पावती फाडणाऱ्याला आहे, फुकट्याला नाही.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: 'संस्थेकडे हौशी लोकांसाठी पावतीची सोयच नसते. कुणीतरी येतो, हातात पैसे मागतो.' काही ठिकाणी हे खरं आहे. मग सोय मागा. शंभर जण मिळून थायलंडचं ग्रुप बुकिंग करू शकतात, तर वीस जण मिळून संस्थेच्या अध्यक्षांना आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयाला एक अर्ज देऊ शकत नाहीत? दिवसाचा परवाना, ठरलेली जागा, रॉडची मर्यादा, एवढंच मागायचं आहे. धरलेला मासा सोडायचा, न्यायचा की वजनावर विकत घ्यायचा, हेही ज्याने बीज टाकलं त्यालाच विचारून ठरवावं.

परदेशात आपण हे सगळं निमूटपणे करतो. इंग्लंडमध्ये रॉड लायसन्सशिवाय गळ टाकता येत नाही आणि नद्यांवर १५ मार्च ते १५ जून कार्प आणि तत्सम माशांसाठी गळबंदी असते. फ्रान्समध्ये परवाना लागतो, कार्पसाठी रात्री गळ टाकायला ठरावीकच पट्टे असतात, आणि ६० सेंटिमीटरहून मोठा कार्प जिवंत वाहून नेणं हौशी मासेमाराला कायद्याने मना आहे. गिळलेल्या शिशामुळे हंस मरत होते म्हणून ब्रिटनने १९८७ मध्ये गळाच्या लहान शिशांवर बंदी आणली. आपल्या गोदावरीवर, खाली नांदूर मधमेश्वरला, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ आहे. हिवाळ्यात तिथे हजारो पाणपक्षी उतरतात. अभयारण्यात गळाचा प्रश्नच येत नाही. पण वरच्या पाण्यात आपण तुटलेली शिशं आणि तंगूस टाकून येतो, त्याचं काय? लेड क्लिप का वापरायची, तर तंगूस तुटला तरी शिसं सुटून पडावं आणि मासा ते ओढत मरू नये म्हणून. ती क्लिप शंभर-दोनशे रुपयांत येते. तिच्या अनबॉक्सिंगचा व्हिडिओ मी अजून पाहिलेला नाही.

परदेशी जाऊच नका, असं मी म्हणत नाही. जा, पण प्लॅन उलट्या क्रमाने करा. आधी परवाना आणि हंगाम, मग मासा काय आणि कुठल्या थरात खातो, मग पाणी, आणि सामान सगळ्यात शेवटी. ते बहुतेक ठिकाणी भाड्याने मिळतं. आमिष तिथेच घ्या. युरोपात दूध किंवा मांस असलेले पदार्थ घेऊन उतरता येत नाही. जाळी आणि चटई धुऊन, पूर्ण वाळवून न्या आणि तशीच परत आणा, कारण ओल्या कापडातून माशांचे रोग प्रवास करतात.

बँकॉकच्या बुंगसामरान तळ्यावर गेलात तर आणखी एक गोष्ट बघा. तिथे मेकाँगचा महाकाय मासा आणि सयामी कार्प तिकीट काढून धरता येतात. हे दोन्ही मासे त्यांच्या स्वतःच्या नदीतून नाहीसे होण्याच्या टोकाला आलेत. नदी रिकामी, तळं भरलेलं, आणि काठावर सेल्फी. आपल्याकडे उन्हाळ्यात शहरातली गोदावरी पानवेलींनी झाकली जाते. तेव्हा आपण आणखी लांबच्या धरणाचं लोकेशन शोधतो. याच वाटेने गेलो तर उद्या नाशिककराला रोहूसुद्धा तिकीट काढूनच दिसेल. थायलंडने रोहू केव्हाच नेऊन वाढवलाय, तेव्हा तीही सोय होईल.

माझी मागणी मोठी नाही. जून ते ऑगस्ट, मासे अंडी घालतात तेव्हा, आपण होऊन गळ गुंडाळून ठेवू. त्या तीन महिन्यांत संस्थेकडे अर्ज देऊ आणि जमलं तर बोटुकलीच्या खर्चात वर्गणी भरू. सप्टेंबरमध्ये ग्रुपवर माशाचा फोटो टाकाल तेव्हा शेजारी पावतीही दिसू द्या. ती नसेल तर मासा वीस किलोचा असला तरी माझा अंगठा मिळणार नाही.