फुलांचं वेळापत्रक करणारा माळी

दोस्तांनो, शाळेचं वेळापत्रक तुम्हाला तोंडपाठ असतं. पण एका माणसानं चक्क अख्ख्या शहराच्या फुलांचं वेळापत्रक केलं होतं! ऐकायची आहे त्याची गोष्ट?

त्याचं नाव गुस्ताव्ह क्रुंबिगेल. जन्म १८६५ चा, जर्मनीत ड्रेस्डेनजवळचा. बागकाम शिकून हा तरुण लंडनच्या सुप्रसिद्ध क्यू उद्यानात कामाला लागला. तिथून १८९३ मध्ये तो भारतात आला, तो थेट बडोद्याला. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानात! तिथल्या बागांचं काम त्याच्याकडे आलं. पुढे १९०८ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी त्याला बोलावून घेतलं आणि बंगळूरची लालबाग त्याच्या हाती आली.

लालबाग मूळची हैदरअलीची, १७६० सालची. क्रुंबिगेलसाहेबांनी तिला नवं रूप दिलं. देशोदेशींची झाडं आणून लावली. पण त्यांचं लक्ष बागेच्या कुंपणापाशी थांबलं नाही. रस्त्यावरून रोज जाणाऱ्या माणसालाही फुलं दिसायला नकोत का?

मग त्यांनी युक्ती काढली. रस्त्याकडेची झाडं अशी निवडायची, की एकाचा बहर ओसरला की दुसऱ्याचा सुरू व्हावा. जॅकरंडाची जांभळी फुलं गळू लागली, की गुलमोहर पेटलाच म्हणून समजा! गंमत बघा, जॅकरंडा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, गुलमोहर मादागास्करचा, लावणारा जर्मन आणि फुलणार बंगळुरात!

कृष्णराजसागर धरणाजवळच्या वृंदावन उद्यानाची आखणीही त्यांचीच. १९३२ मध्ये ते निवृत्त झाले, पण मायदेशी परतले नाहीत. पुढे दुसरं महायुद्ध पेटलं. जर्मनी म्हणजे इंग्रजांचा शत्रू. त्यामुळे ज्या देशात इतकी वर्षं झाडं लावली, तिथेच या म्हाताऱ्या माळ्याला ‘शत्रू’ म्हणून स्थानबद्ध व्हावं लागलं. वाईट वाटलं ना? तरीही ते इथेच राहिले. १९५६ मध्ये बंगळुरातच त्यांनी डोळे मिटले. लालबागेजवळच्या एका रस्त्याला आज त्यांचं नाव आहे.

आता एक खरी गोष्ट सांगतो. आज बंगळुरात दिसणारी सगळीच झाडं काही त्यांनी लावलेली नाहीत. त्यांच्यानंतर लालबाग सांभाळणारे जवराया, १९८० च्या दशकात शहरभर झाडं लावणारे वनाधिकारी नेगिनहाळ, अशा कितीतरी जणांनी हे काम पुढे नेलं. रस्ते रुंद करताना बरीच जुनी झाडं तोडलीही गेली. म्हणजे बघा, झाड लावणारा एक असतो, वाढवणारा दुसरा आणि सावलीत बसणारा तिसराच. मधला एक जरी चुकला, तरी तिसऱ्याच्या वाट्याला नुसतं ऊन येतं!

तेव्हा एक काम करा. वहीत बारा महिन्यांचे बारा रकाने आखा. आपल्या गावात कुठलं झाड कधी फुलतं, ते वर्षभर लिहीत जा. फाल्गुनात पळस, वैशाखात बहावा, पावसात कदंब, हिवाळ्याच्या तोंडाला बूच... आणि हो, एखादा रकाना रिकामा राहिला, तर त्या महिन्यात फुलणारं झाड लावायचं कुणी, ते सांगायला नकोच!