पांखरें पाहण्यांत दिवस दवडावा काय?

हिंवाळ्यांतील एका शनिवारीं वरच्या वर्गांतील मुलांना पाणपक्षी पाहावयास नेण्याचा आमचा परिपाठ आहे. यंदा एका पालकांनीं सौम्यपणें विचारलें, "सर, परीक्षा तोंडावर आली असतां पांखरें पाहण्यांत दिवस कां दवडावा?" प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचें उत्तर सर्वांसमक्ष द्यावें, असें वाटलें.

आपल्याच नाशिक जिल्ह्यांत, निफाड तालुक्यांत, गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर-मध्यमेश्वराचा बंधारा आहे. बंधाऱ्यामागें गाळ सांचून पाणी उथळ झालें, त्यांत पाणवनस्पती वाढल्या, आणि पक्ष्यांना अन्न व आसरा मिळाला. जो गाळ पाटबंधाऱ्यास अडचणीचा, तोच पांखरांचें अन्नछत्र ठरला! इ. स. २०२० मध्यें रामसर कराराच्या यादींत महाराष्ट्रांतून पहिलें नांव याच स्थळाचें जाहीर झालें. येथें थापट्या बदक रुंद चोचीनें पाणी गाळून अन्न टिपतें. तलवार बदक डोकें पाण्यांत व शेपटी आकाशाकडे करून तळ धुंडाळतें. पांढऱ्या कपाळाचे काळे चांदवे थव्यानें पोहतात. डोक्यावर दोन काळे पट्टे मिरविणारा पट्टकादंब तर मध्य आशियांतील पठारांवरून हिमालय ओलांडून येतो.

हें सारें पुस्तकांतहि सांपडेल, हें मला मान्य आहे. परंतु तेथें एक निराळा धडा मिळतो; तो म्हणजे पाहिलें तेवढेंच लिहिणें. गेल्या खेपेस धुकें दाट होतें. पुष्कळ मुलांनीं आपल्या वह्यांत पट्टकादंबाची नोंद केली. परतीच्या वाटेवर एक मुलगा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, मला ते दिसले नाहींत. सगळ्यांनीं लिहिलें, म्हणून मींहि लिहिलें." त्यानें ती ओळ स्वतःच्या हातानें खोडली. त्याच्या वहींत सात पक्षी होते, ते सहा राहिले. तरी त्या दिवसाची सर्वांत उत्तम वही तीच, असें मी समजतों.

पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनीं बालपणीं छऱ्याच्या बंदुकीनें पिवळ्या कंठाची एक चिमणी पाडली. ती कोणती, हें कळेना, म्हणून ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटींत विचारावयास गेले. बंदूक आपणांस नको. परंतु "मला ठाऊक नाहीं" ही त्यांची सरळ कबुली अवश्य घ्यावी. त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचें बीज तींतच होतें.

पालकहो, शेजाऱ्याच्या वहींतून पक्षी उतरविणें आणि शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेंतून उत्तर उतरविणें, यांत अंतर तें किती? पहिला मोह ज्यानें पाणथळीच्या कांठीं जिंकला, त्याला दुसरा जिंकणें सोपें जाईल. परीक्षेची याहून चांगली तयारी मला ठाऊक नाहीं. म्हणून पुढील हिंवाळ्यांत मुलांना फिक्या रंगाचे कपडे, एक वही व दोन भाकरी देऊन पाठवावें. आणि जमल्यास आपणहि यावें. मात्र तेथें मोठ्यानें बोलूं नये!