डब्यातली भुकटी की घरातली भाकर?

मेहकर तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र लांब आहे. मुद्द्याचा भाग तेवढा इथे देतो. त्या लिहितात :

"माझे वय बेचाळीस, उंची पाच फूट, वजन अडुसष्ट किलो. साखर काठावर आहे, वजन उतरवा, असे डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितले. मेहकरला बाजाराला गेले तेव्हा ओळखीच्या एका बाईने मला सकाळी शेक देतात तिथे नेले. सकाळी आणि रात्री जेवणाऐवजी शेक घ्यायचा, दुपारी एकदाच जेवायचे, महिन्यात चार किलो उतरतील, असे तिथे सांगितले. एक डबा दोन हजारांचा, महिन्याला तीन लागतील. मी आणखी तीन बाया आणल्या तर मला तो स्वस्तात पडेल म्हणे. आमचे हे म्हणतात, सोयाबीन विकले की घे. पण धाकटीची फीही त्याच पैशांतून भरायची आहे. शेकने खरेच वजन उतरते का? की पैसे पाण्यात जातील?"

ताई, तुमचा प्रश्न आज अनेक घरांतला आहे, म्हणून उत्तर सर्वांसाठी देतो. शेक ही निव्वळ फसवणूक नाही आणि जादूही नाही. त्याचे काम कसे चालते हे नीट समजले, तर सहा हजार खर्चायचे की नाही ते तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.

आधी टेप घ्या

वजन उतरवायला निघण्यापूर्वी ते उतरवण्याची गरज आहे का, हे पाहावे. आपल्या देशातल्या माणसांसाठी डॉक्टरांनी हिशेब ठरवून दिला आहे. वजनाच्या किलोला उंचीच्या मीटरने दोनदा भागायचे. उत्तर २३ च्या पुढे गेले तर वजन जास्त, २५ च्या पुढे गेले तर लठ्ठपणा. पाच फूट उंचीच्या बाईचे वजन सुमारे ५३ किलोपर्यंत ठीक. ५८ च्या पुढे ते लठ्ठपणात मोडते. याशिवाय शिंप्याची टेप घेऊन बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर मोजावा. बाईचा ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत आणि पुरुषाचा ९० सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांच्या आत असावा.

टेपचे एवढे महत्त्व का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांची गोष्ट २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. दोघांचा उंची-वजनाचा आकडा एकच, २२.३. पण तपासणीत इंग्रज डॉक्टरांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणजे आपल्याकडचा माणूस दिसायला सडपातळ असला तरी पोटात चरबी बाळगून असू शकतो. उलट, शेतात दिवसभर राबणाऱ्या आणि आधीच अंगात रक्त कमी असलेल्या बाईने शेजारीण करते म्हणून वजन उतरवायला निघणे हे घातक आहे.

ताईंचा आकडा २९ च्या पुढे जातो. त्यांना वजन उतरवणे जरूर आहे, यात शंका नाही.

डब्यात असते काय?

बहुतेक शेकच्या भुकटीत सोयाबीनची किंवा दुधाची प्रथिने, थोडी साखर किंवा गोडी आणणारा पदार्थ, चोथा, जीवनसत्त्वे, क्षार आणि वास असतो. दुधात कालवून एक पेला घेतला की पोटात सुमारे दोनशे ते अडीचशे उष्मांक जातात. दोन भाकरी, तेलाची भाजी, थोडा भात, वरण असे आपले एक जेवण सहाशे-सातशे उष्मांकांचे होते. म्हणजे एका शेकमागे चारशे उष्मांक वाचले, दोन शेकमागे आठशे. महिन्याचे झाले चोवीस हजार. शरीरातली एक किलो चरबी जाळायला सुमारे ७,७०० उष्मांकांची तूट लागते. त्या हिशेबाने महिन्याला तीन किलो. पहिल्या आठवड्यात अंगातले पाणीही उतरते, म्हणून काटा अधिक खाली गेलेला दिसतो.

सारे इंगित इथेच आहे. चरबी भुकटी जाळत नाही. कमी खाणे जाळते. भुकटीचा गुण एवढाच की ती मोजून येते. चमच्याने मोजलेली वस्तू प्यायली की 'अजून अर्धी भाकर घे गं' असा आग्रह करायला कोणी उरत नाही.

आता आपल्या शिवाराकडे पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, म्हणजे किलोला त्रेपन्न रुपये. आणि तोही प्रत्येकाच्या हाती पडतो असे नाही. त्याच सोयाबीनचे तेल काढून, प्रथिने वेगळी करून, वास लावून केलेली अर्ध्या किलोची भुकटी आपण दोन हजारांना, म्हणजे किलोला चार हजारांनी परत आणतो. कारखान्याला खर्च येतो हे मान्य. तरी महिन्याच्या तीन डब्यांपायी एक क्विंटलाहून अधिक सोयाबीन जाते, हे घरातल्या कर्त्याने ध्यानात घ्यावे.

शेकची खरी परीक्षा

शेकच्या बाजूनेही बोलले पाहिजे. ब्रिटनमध्ये मधुमेहाच्या ३०६ रोग्यांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली बाहेर आले. त्यातल्या निम्म्या लोकांना तीन ते पाच महिने जेवण बंद करून दिवसाला सुमारे साडेआठशे उष्मांकांचे शेक आणि सूप दिले. वर्षाअखेर त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना ताळ्यावर आली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण अवघे ४ टक्के होते. ही गोष्ट लहान नव्हे.

पण तो प्रयोग कसा झाला तेही पाहा. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या. शेक संपल्यावर साधे जेवण हळूहळू, काही आठवडे शिकवत सुरू केले. पुढेही नर्स किंवा आहारतज्ज्ञ वेळोवेळी बोलावून वजन पाहत होत्या. एवढे करूनही दुसऱ्या वर्षाअखेर ४६ चे ३६ टक्के झाले. बाजारातल्या डब्यासोबत यांपैकी काय मिळते? डबा संपतो, ताटात पुन्हा त्याच दोन भाकरी येतात, आणि उतरलेले वजन पाहुण्यासारखे परत मुक्कामाला येते. कारण डब्याने भूक आवरली; ताट कसे वाढून घ्यावे हे शिकवले नाही.

बाकीचे मार्ग

उपास : आपल्याकडे आठवड्याला एक उपास ठरलेला. पण साबुदाण्याच्या खिचडीची एक भरलेली ताटली, दाण्याचे कूट आणि तूप धरून, सहाशे-साडेसहाशे उष्मांकांची होते. ही तर जेवणाचीच बरोबरी झाली. उपास करायचाच तर ताक, फळ आणि मूठभर भाजलेले दाणे यांवर करावा.

दोन वेळा जेवण : नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांनी मांडलेला हा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रभर नेला. दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायचे, मध्ये काही खायचे नाही आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे. याला दमडी लागत नाही, आणि शेतकऱ्याला दोन वेळचे जेवण नवे नाही. फक्त मधले गोड चहा आणि शेव-फरसाण सुटले पाहिजे. दुसरीकडे ऋजुता दिवेकर यांच्यासारख्या आहारतज्ज्ञ घरचे, हंगामातले अन्न थोडे थोडे खा असे सांगतात. दोघांचे वेळापत्रक जुळत नाही, पण दोघांपैकी कोणाच्याही मार्गाला डबा लागत नाही. आपल्या घराला जे निभेल ते धरावे. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र जेवण टाळण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, नाही तर साखर एकाएकी उतरून माणूस कोसळतो.

चालणे : आधी ट्रॅक्टर आला, मग मळणीयंत्र, गॅस, मिक्सर आणि दारात मोटारसायकल. कष्ट कमी झाले हे चांगलेच; पण ताट जुन्या कष्टांच्या मापानेच राहिले. तासभर चालल्याने दोनशे-अडीचशे उष्मांक जळतात. नुसत्या चालण्याने महिन्याला किलोभरही उतरत नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे निराशा नको. पण चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी साखर काठावर असलेल्या ५३१ भारतीयांवर केलेल्या अभ्यासात (२००६) आहार सुधारून आणि चालून मधुमेह होण्याचे प्रमाण तीन वर्षांत २८.५ टक्क्यांनी घटले. आणि गंमत म्हणजे वजन फारसे उतरले नव्हते. काटा हलला नाही तरी चालणे वाया जात नाही. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना मेहकरावरून जाते. त्या दिंडीत म्हातारी माणसे दिवसामागून दिवस कशी चालतात हे आपण डोळ्यांनी पाहतोच.

इंजेक्शने : २०२५ साली मौंजारो आणि वेगोव्ही ही इंजेक्शने आपल्या देशात आली. भूक मंदावून ती वजन पुष्कळ उतरवतात; पण ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे आहेत आणि थांबवली की वजन परत चढू लागते. ज्यांना लठ्ठपणामुळे आजार जडले आहेत, त्यांनी डॉक्टरांशी बोलावे.

घरातला हिशेब

आता ताईंचा हिशेब करू. दिवसाला सहा कप चहा, दर कपाला दोन चमचे साखर, म्हणजे साठ ग्रॅम. दोन कपांवर आणि एकेका चमच्यावर आले की दोनशे उष्मांक वाचतात. घरात माणशी महिन्याला लिटरभर तेल लागत असेल तर ते तीनास दोन करावे, नव्वद वाचले. संध्याकाळची मूठभर शेव सोडली, पावणेतीनशे. एवढ्यानेच साडेपाचशेहून अधिक उष्मांक सुटले. कागदावर हे महिन्याला दोन किलो होतात; प्रत्यक्षात थोडे कमी धरा. रात्रीची एक भाकर कमी करून तिच्या जागी वाटीभर मटकीची उसळ आणि पालेभाजी घेतली तर उष्मांक थोडे आणखी उतरतात आणि प्रथिने वाढतात.

प्रथिनांसाठी डबा लागत नाही. पन्नास ग्रॅम फुटाणे आणि पेलाभर दूध यांत सोळा-सतरा ग्रॅम प्रथिने मिळतात, जवळजवळ एका शेकइतकी. आणि खर्च वीस-पंचवीस रुपयांच्या आत. ज्वारीत उडीद घालून कळण्याची भाकर करा. घरचे सोयाबीन वापरायचे तर निवडून, उकळत्या पाण्यात पंचवीस मिनिटे शिजवून, उन्हात खडखडीत वाळवून दळावे आणि नऊ भाग गव्हाच्या किंवा ज्वारीच्या पिठात एक भाग मिसळावे. कच्चे दळू नये, पचत नाही. आणि पेरणीसाठी औषध लावलेले बियाणे उरले असेल तर ते चुकूनही घरात आणू नये.

शेवटी सल्ला

ताई, सोयाबीनच्या पैशांतून धाकटीची फी भरा. आधी डॉक्टरांकडे जाऊन साखर, रक्तदाब आणि थायरॉइड तपासून घ्या. तीन-चार महिन्यांत साडेतीन ते पाच किलो उतरले तरी काठावरच्या साखरेला मोठा आधार मिळतो. आठवड्यातून एकदा, सकाळी, एकाच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहा. दूध घातल्याचा हिशेब लिहितो तसे. घरात वेगळे शिजवू नका. तेल-साखर सगळ्यांचीच कमी करा. यजमानांनाही टेप लावा!

एवढे करूनही एखाद्याला शेक घ्यायचाच असेल तर एका वेळच्या जेवणाऐवजी, ठरावीक मुदतीपुरता आणि डॉक्टरांना सांगून घ्यावा. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायांनी, मुलांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी त्या वाटेला जाऊ नये. डब्यावर अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आहे का ते पाहावे. 'मधुमेह बरा होतो' असे कोणी सांगू लागला तर उठून यावे. लठ्ठपणा आणि मधुमेह बरा करण्याचे दावे करून औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानेच मनाई आहे. नवी माणसे जोडण्याबद्दल पैसे देण्याच्या साखळीलाही २०२१ च्या नियमांनी बंदी घातली आहे. स्वतःचा डबा स्वस्त व्हावा म्हणून शेजारच्या तीन बायांच्या गळ्यात सहा-सहा हजारांचा खर्च बांधणे आपल्याला शोभत नाही. त्यापेक्षा त्याच तिघींना घेऊन पहाटे पांदणीने चालायला निघा. तीन महिन्यांनी चौघींची वजने लिहून कळवा. याच सदरात छापू.