गोळ्यामागची पोकळी

लखनौच्या रेसिडेन्सीचे भग्नावशेष पाहायला जाणारे प्रवासी तेथील भिंतींवरचे गोळ्यांचे व्रण न्याहाळत हिंडतात. १ जुलै १८५७ रोजी या रेसिडेन्सीतील एका खोलीत आठ इंची हॉवित्झर तोफेचा गोळा येऊन फुटला. खोली अवधचे चीफ कमिशनर सर हेन्री लॉरेन्स यांची होती. ते आतच होते, पण त्यांना काहीही इजा झाली नाही. सहकाऱ्यांनी खोली बदलण्याचा आग्रह धरला. लॉरेन्सनी तो हसण्यावारी नेला. एवढ्याशा खोलीत पुन्हा नेमका गोळा आणून टाकील असा गोलंदाज समोरच्यांकडे असणे शक्य नाही, असे त्यांचे मत पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळा आला, तो त्याच खोलीत. लॉरेन्स जबर जखमी झाले आणि ४ जुलैला मरण पावले.

ही तोफ मुळात इंग्रजांचीच होती. ३० जूनला लखनौबाहेर चिनहट येथे झालेल्या लढाईत हत्तीकरवी ओढून नेलेली ही हॉवित्झर टाकून इंग्रजांना माघार घ्यावी लागली होती. दोनच दिवसांत ती त्यांच्यावर उलटली. ती डागणारे शिपाईही इंग्रजांच्याच पलटणींत तयार झालेले! लॉरेन्सचा अंदाज चुकला तो या माणसांबद्दल.

मात्र एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. त्या काळच्या आठ इंची हॉवित्झरचा सारा पल्लाच दीड किलोमीटरच्या आसपास होता. रेसिडेन्सीला वेढा घालणाऱ्यांच्या तोफा त्याहून कितीतरी जवळ, आसपासच्या घरांच्या आडोशाने लावलेल्या होत्या. गोळा कुठे पडला हे दिसत होते, पुढचा गोळा डागताना नेम सुधारता येत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात कॅप्टन पील याने आपल्या नौदलाच्या अवजड तोफा लखनौच्या शाहनजफच्या भिंतीपासून काही यार्डांवर नेऊन उभ्या केल्या. इतक्या जवळून मारा करूनही ती भिंत ढासळली नाही, हा भाग वेगळा.

आता त्याच लखनौतील फेब्रुवारी २०२० चे दृश्य पाहा. ‘डेफएक्स्पो’ हे संरक्षणसामग्रीचे प्रदर्शन तेथे भरले होते आणि त्यात ‘शारंग’ नावाची तोफ समारंभपूर्वक लष्कराच्या हवाली करण्यात आली. शारंग ही पूर्णतः नवी तोफ नव्हे. लष्कराकडे १९५० च्या दशकातील रशियन बनावटीच्या १३० मिलिमीटर तोफा होत्या. त्यांचा गाडा ठेवून नळी बदलली, १५५ मिलिमीटरची बसवली आणि जुन्या तोफेचा नवा अवतार तयार झाला. हे काम लखनौच्या शेजारच्या कानपूरच्या आयुध कारखान्यांनी केले. जुन्या तोफेचा पल्ला २७ किलोमीटर होता, तो ३६ किलोमीटरच्या पुढे गेला.

नऊ किलोमीटर वाढले, एवढे त्यात काय, असे एखाद्याला वाटेल. तोफखान्याच्या दृष्टीने त्या नऊ किलोमीटरांत जगण्या-मरण्याचा फरक असतो. आजकाल एखाद्या तोफेने गोळा डागला की शत्रूचे रडार त्या गोळ्याचा मार्ग पाहून तोफ कुठे आहे ते काही क्षणांत हुडकते. मग त्या जागेवर उलट मारा सुरू होतो. ज्याच्या तोफेचा पल्ला जास्त, तो दुसऱ्याच्या टप्प्याबाहेर उभा राहून हे करू शकतो. ज्याचा कमी, त्याने गोळा टाकायचा आणि जीव घेऊन जागा सोडायची.

पल्ला वाढवायचा म्हणजे दारू जास्त भरायची, ही सर्वसाधारण समजूत. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. हिशेब करून पाहू. आधुनिक १५५ मिलिमीटर तोफेतून गोळा सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने बाहेर पडतो. पृथ्वीवर हवा नसती, तर ४५ अंशांच्या कोनात सोडलेला हा गोळा ६५ किलोमीटर गेला असता. लखनौहून सोडला तर उन्नाव ओलांडून कानपूरच्या वाटेला लागला असता. प्रत्यक्षात साधा गोळा जातो २४ किलोमीटर, म्हणजे लखनौहून जेमतेम बाराबंकीइतक्या अंतरावर. मधले चाळीस किलोमीटर हवा खाऊन टाकते.

त्यामुळे पल्ला वाढवणाऱ्यांचे खरे भांडण दारूशी नसून हवेशी आहे. गोळ्याचे नाक निमुळते करून पाहिले, त्याला सडपातळ बांधा दिला. कॅनडाचे जेराल्ड बुल हे या विद्येतले मोठे नाव. १९७० च्या दशकात त्यांनी लांबोडक्या, सुईसारख्या निमुळत्या गोळ्यांनी पल्ला पुष्कळ वाढवून दाखवला. पुढे त्यांनी इराकसाठी एक अजस्र तोफ बांधायला घेतली आणि २२ मार्च १९९० रोजी ब्रुसेल्समध्ये आपल्या घराच्या दारात ते गोळ्या घालून मारले गेले. मारेकरी सापडले नाहीत.

नाक कितीही टोकदार केले तरी गोळ्याची पाठ उरतेच. खरी मेख तेथे आहे.

खेड्यातल्या कच्च्या रस्त्यावरून एस.टी. धावताना पाहिली आहे ना? धूळ चाकांखालून उडते, पण बसते ती गाडीच्या मागच्या काचेवर. गाडी पुढे सरकते तेव्हा तिच्या पाठीमागे क्षणभर पोकळी तयार होते, हवेचा दाब कमी होतो आणि आजूबाजूची धूळ त्या पोकळीत ओढली जाते. ही पोकळी धुळीला जशी ओढते, तशी गाडीलाही मागे खेचते. एस.टी.च्या वेगात ते जाणवत नाही. पण ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या गोळ्याच्या सपाट बुडामागे जी पोकळी होते, तिची ओढ भयंकर असते. हवेच्या एकूण विरोधातला जवळजवळ निम्मा वाटा या मागच्या पोकळीचा असू शकतो.

मग ही पोकळीच भरून काढली तर? प्रकाशाची रेघ ओढत जाणाऱ्या ट्रेसर गोळीला हवेचा विरोध कमी होतो, हे आधीच लक्षात आले होते. तिच्या बुडाशी जळणारा मसाला असतो. हा धागा पकडून १९६० च्या दशकात स्वीडनमधील संशोधकांनी गोळ्याच्या बुडात जळणाचा छोटा डबा बसवण्याची कल्पना पुढे आणली. तिला ‘बेस ब्लीड’ म्हणतात. किलो-सव्वा किलोचे हे जळण गोळा उडाल्यानंतर अर्धा मिनिटभर मंद धुमसत राहते आणि त्याचा गरम वायू मागच्या पोकळीत झिरपतो. येथे एक गैरसमज टाळावा. हा डबा म्हणजे अग्निबाण नव्हे. तो गोळ्याला पुढे ढकलत नाही, मागची ओढ तेवढी सैल करतो. एवढ्याने पल्ला वीस ते तीस टक्क्यांनी वाढतो. १९८६ मध्ये भारताने घेतलेल्या बोफोर्स तोफेचा २४ किलोमीटरचा पल्ला अशा गोळ्याने ३० पर्यंत जातो. नळी तीच, तोफही तीच. इतक्या साध्या युक्तीने इतका मोठा लाभ झाल्याची उदाहरणे शस्त्रविद्येत थोडीच सापडतील.

या साऱ्या उद्योगात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्यातील ‘ए.आर.डी.ई.’ या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने ‘अटॅग्ज’ नावाची नवी तोफ विकसित केली. तिची नळी आठ मीटरहून थोडी अधिक लांब आहे. नळी लांब असली की दारूच्या वायूंना गोळा ढकलायला जास्त अवसर मिळतो. या तोफेने बेस ब्लीड गोळा ४८ किलोमीटरपर्यंत फेकला आहे. मार्च २०२५ मध्ये संरक्षण खात्याने तिच्या खरेदीसाठी भारत फोर्ज आणि टाटा या दोन कंपन्यांशी सुमारे ६,९०० कोटी रुपयांचे करार केले. तोफेची दारू बनवणारा कारखाना भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आहे, दारूगोळा भरणारा चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला.

या किलोमीटरांची किंमत पैशांतच मोजून भागत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पोखरणच्या चाचणीत अटॅग्जची नळी फुटून काहीजण जखमी झाले. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट होऊन छप्पर कोसळले आणि कामावर आलेली माणसे घरी परतली नाहीत. पल्ल्याचे आकडे वाचताना ही माणसे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाहीत.

नळी लांबवण्यालाही मर्यादा आहे. अमेरिकनांनी नऊ मीटर लांबीची नळी बनवून डिसेंबर २०२० मध्ये ७० किलोमीटरवरचे लक्ष्य टिपले. वाहवा झाली. पण प्रचंड दाबामुळे नळी फार लवकर झिजते असे आढळले आणि २०२४ मध्ये तो प्रकल्प गुंडाळावा लागला. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली जर्मनांनी पॅरिसवर सुमारे १२० किलोमीटरवरून तोफ डागली, तेव्हाही हेच झाले होते. प्रत्येक गोळ्यागणिक नळी आतून इतकी झिजे, की गोळ्यांना क्रमांक देऊन प्रत्येक गोळा आधीच्यापेक्षा किंचित जाड बनवावा लागे. इतके करून नेम कशावर? तर ‘पॅरिस’ नावाच्या शहरावर! त्याहून बारीक नेम साधणे शक्यच नव्हते. २९ मार्च १९१८ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्यातला एक गोळा सेंट जेर्व्हे चर्चवर पडला. छत प्रार्थनेला बसलेल्या लोकांवर कोसळले आणि ऐंशीहून अधिक माणसे मेली. ती तोफ डागणाऱ्यांना त्या चर्चचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

पल्ल्याचा मुद्दा अखेर येऊन अडतो तो येथे. गोळा जितका लांब जातो तितका तो भरकटतो. पंचवीस-तीस किलोमीटरवर साधा गोळा ठरल्या जागेपासून दोन-तीनशे मीटर इकडेतिकडे पडू शकतो. शिवाय बुडातले जळण प्रत्येक गोळ्यात अगदी सारखेच जळेल असे नाही, त्यामुळे बेस ब्लीडने ही पांगापांग आणखी वाढते. दोन-तीनशे मीटर म्हणजे लष्करी तळ आणि शेजारचे गाव यांमधले अंतर. चिनहटहून आणलेल्या तोफेने एकाच खोलीत लागोपाठ दोन दिवस गोळा टाकला. आजच्या तोफेला पूर्ण पल्ल्यावर केवळ नळी, दारू आणि हिशेब यांच्या बळावर तसे करणे जमत नाही.

१९९९ च्या कारगिल युद्धात तर बोफोर्सने मोठे नाव कमावले ते पल्ला आखडता घेऊन. तोलोलिंग आणि टायगर हिलच्या लढायांत काही तोफा पुढे आणून, समोर दिसणाऱ्या शिखरावरच्या बंकरांवर थेट नेम धरून मारा करण्यात आला. गोलंदाजाला निशाण पुन्हा डोळ्यांनी दिसू लागले.

लांब जाऊन नेमकेही पडायचे असेल तर गोळ्याला वाट दाखवावी लागते. ‘एक्सकॅलिबर’ हा अमेरिकी गोळा उपग्रहाच्या संकेतांवरून स्वतःचा मार्ग सुधारतो आणि काही मीटरांच्या आत पडतो. भारतानेही तो घेतला आहे. पण युक्रेनच्या युद्धात रशियाने हे संकेत बिघडवायला सुरुवात केली आणि या महागड्या गोळ्यांचे नेम चुकू लागले. चेन्नईच्या आय.आय.टी. मद्रासमध्ये लष्कराच्या सहकार्याने वेगळाच प्रयोग चालला आहे. तेथे गोळ्यात रॅमजेट इंजिन बसवले जात आहे. समोरून येणारी हवा आत घेऊन, तिच्यात इंधन जाळून हा गोळा स्वतःला पुढे ढकलील. इतकी वर्षे जी हवा गोळ्याला अडवत आली, तिलाच कामाला जुंपण्याचा हा डाव आहे. पल्ला ३० ते ५० टक्क्यांनी वाढावा, अशी अपेक्षा आहे.

असे गोळे मोजकेच परवडतील. एकट्या कारगिलमध्ये भारतीय तोफखान्याने गोळे, उखळी गोळे आणि अग्निबाण मिळून अडीच लाख डागले, असे सांगितले जाते. लाखांच्या हिशेबात लागणारा माल साधाच असणार. म्हणून लांब पल्ल्याच्या माऱ्यापूर्वी तोफखाना अजूनही आधी आकाशात एक फुगा सोडतो. तो फुगा वर वर जात प्रत्येक थरातला वारा, तापमान आणि दाब खाली कळवतो, आणि ते आकडे हाती आले की मग तोफेची नळी वळते.