उत्तर तुम्ही लिहिलं, पण वाचलं कुणी?

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव... कुठल्याही अभ्यासिकेत डोकावून बघा. टेबलावर प्रश्नसंचांचे ढीग असतात, स्वतः लिहिलेल्या उत्तरांची वही मात्र शोधावी लागते.

आता हे महागात पडणार आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आधी ८०० गुणांची होती आणि बहुतेक पेपरांत नुसते गोल काळे करायचे होते. २०२५ पासून ती वर्णनात्मक झाली. गुणवत्ता यादीसाठी लेखी परीक्षेचे १,७५० गुण, त्यात एकटा निबंध २५० गुणांचा! हा बदल खरं तर २०२३ पासूनच येणार होता. पुण्यात विद्यार्थ्यांनी आंदोलन केलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने तो २०२५ पर्यंत पुढे ढकलला.

वेळ तर मिळाला. पण लिहायला शिकायचं कुठे? ज्याला परवडतं तो पुण्यात क्लास लावतो. बाकीच्यांसाठी कॉलेज आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे.

पदवीच्या सहा सत्रांत तुम्ही कितीतरी उत्तरपत्रिका भरता. त्यातली तपासलेली एक तरी परत वाचलीत? मार्कमेमोवर ५२ येतात. ६२ का नाही, ते कळत नाही. अंतर्गत मूल्यमापनाच्या ट्युटोरियलचंही तेच. आपण गाइडमधून (आता मोबाइलवरच्या एआयमधून) उतरवतो, सर सही करतात, विषय संपला. सगळा दोष सरांचा नाही. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात. घरी नेऊन साठ वह्या वाचण्याचा तास त्यात कुठे धरलाय?

यात नुकसान आपलंच. ‘ऊसतोड कामगारांच्या स्थलांतराची कारणे लिहा’ असा प्रश्न आला, तर आपण ‘निसर्गाचा लहरीपणा’ असं छापील वाक्य लिहून मोकळे होतो. उचल म्हणजे काय, टोळी कधी निघते, मागे राहिलेल्या पोरांच्या शाळेचं काय होतं, हे आपल्याला गाइडवाल्यापेक्षा जास्त माहीत असतं. पण ‘हे लिही की’ असं समासात कुणी लिहिलेलंच नसतं.

मग करायचं काय? एक, तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा तुम्हाला हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्येच ती माहिती अधिकारात येते असा निकाल दिलाय. निकालानंतर मुदतीत छायांकित प्रतीसाठी अर्ज करा, फक्त नापास झाल्यावर नाही. दोन, सरांना सगळ्या नको, सत्रातून एकच ट्युटोरियल दोन ओळींच्या शेऱ्यासह परत मागा. तीन, अभ्यासिकेतले चौघं मिळून रोज दीडशे शब्दांचं एक उत्तर लिहा आणि वह्या बदला. जिथे अर्थ लागत नाही तिथे फक्त ‘म्हणजे काय?’ एवढंच लिहायचं.

क्लासची फी नसेल, तरी चौथा मित्र शोधणं आपल्या हातात आहे. आज संध्याकाळी विचारून तर बघा.