विश्लेषण : बल्गेरियात ‘लेव्ह’ गेला, युरो आला… कामानिमित्त जाणाऱ्यांसाठी काय बदलले?

बाल्कन प्रदेशातील बल्गेरियाने १ जानेवारी २०२६ रोजी ‘लेव्ह’ हे आपले चलन सोडून युरो स्वीकारला. युरो वापरणारा हा २१वा देश ठरला. चलनबदलाचा सामान्यांवर आणि भारतातून कामानिमित्त जाणाऱ्यांवर काय परिणाम होतो, याविषयी…

नागरिकांना धास्ती कशाची?

मुख्य भीती महागाईची. तिची मुळे १९९६-९७च्या संकटात आहेत. तेव्हा अनेक बँका बुडाल्या, फेब्रुवारी १९९७ या एकाच महिन्यात किमती तिपटीहून अधिक झाल्या आणि लोकांची आयुष्यभराची बचत मातीमोल झाली. त्यानंतर लेव्ह जर्मन मार्कशी आणि पुढे युरोशी कायमचा बांधला गेला. स्थिरता आली, लेव्ह हे त्या स्थिरतेचे प्रतीक बनले. त्यामुळेच ‘आमचे चलन राहू द्या’ म्हणत २०२५ मध्ये निदर्शने झाली. युरो येण्याच्या तोंडावर, डिसेंबरमध्ये, अर्थसंकल्प आणि भ्रष्टाचाराविरोधातील आंदोलनानंतर रोसेन झेल्याझकोव्ह सरकारला राजीनामाही द्यावा लागला.

मग स्वातंत्र्य गमावले का?

फारसे नाही. दर बांधलेला असल्याने व्याजदर ठरवण्याची मोकळीक १९९७ पासूनच नव्हती. आता बल्गेरियाच्या मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरना युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या निर्णयप्रक्रियेत मत मिळाले आहे.

लेव्हच्या नोटांचे काय?

१ युरो म्हणजे १.९५५८३ लेव्ह, हा दर पक्का आहे. म्हणजे १०० लेव्हचे ५१.१३ युरो. जानेवारीत दोन्ही चलने चालली. १ फेब्रुवारीपासून व्यवहार फक्त युरोत. बँकांमध्ये ३० जून २०२६ पर्यंत लेव्ह विनाशुल्क बदलण्याची सोय ठेवण्यात आली. मध्यवर्ती बँकेत मुदतीचे बंधन नाही. त्यामुळे सुट्ट्या पैशांत कोणी लेव्ह दिले तर घेऊ नयेत आणि रस्त्यावरच्या दलालांकडे फिरकू नये. दुकानांत ऑगस्ट २०२६ पर्यंत दोन्ही चलनांत किंमत लिहिणे बंधनकारक आहे. बिल देताना युरोचाच आकडा पाहावा.

व्हिसा आणि फोन?

जानेवारी २०२५ पासून बल्गेरिया शेंगेन क्षेत्रात पूर्णपणे सामील आहे. भारतीयांना शेंगेन व्हिसा लागतो. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा संपूर्ण क्षेत्राला मिळून मोजली जाते. देशाचा कोड ३५९, आपत्कालीन क्रमांक ११२. युरोपीय संघातील विनाशुल्क रोमिंगचा लाभ भारतीय सिमला मिळत नाही. तेथील सिम घेतल्यास संघातील इतर देशांतही साधारण त्याच दरात वापरता येते.

बैठकीत काय लक्षात ठेवावे?

बल्गेरियात परंपरेने मान आडवी हलवली की ‘हो’ आणि वर झटकली की ‘नाही’. परदेशी पाहुण्यांसमोर काही जण मुद्दाम उलट करतात, त्यामुळे घोळ वाढतो. बोलता बोलता मान डोलावण्याची सवय असलेल्या भारतीयांनी तर विशेष जपावे. किंमत वा मुदत ठरवताना ‘दा’ (हो) की ‘ने’ (नाही) हे तोंडी विचारून घ्यावे आणि लगेच ई-मेलवर नोंदवावे. समोरच्याने सुचवेपर्यंत आडनावानेच संबोधणे योग्य. पाट्या सिरिलिक लिपीत असतात. पत्ता त्या लिपीत फोनमध्ये ठेवल्यास टॅक्सीत अडचण येत नाही.

व्यवसायाचे आकर्षण काय?

कंपनी कर आणि वैयक्तिक प्राप्तिकर दोन्ही सरसकट १० टक्के, हे युरोपीय संघातील सर्वांत कमी दरांपैकी. राजधानी सोफियात आयटी आणि आउटसोर्सिंगचा विस्तार झाला आहे. युरोमुळे युरो क्षेत्रातील ग्राहकांशी व्यवहारात चलन बदलण्याचा खर्च संपला. मात्र लोकसंख्या जेमतेम ६५ लाखांच्या आसपास आणि घटती. कुशल मनुष्यबळाची चणचण हे तेथील उद्योगांपुढचे मोठे आव्हान आहे आणि ते चलन बदलल्याने सुटणारे नाही.